भेसळीचा नकाशा

माझी धाकटी बहीण माझं रक्त मागायला आली, तेव्हा मी तिला दारातच विचारलं, "का, तुझ्याकडचे उंदीर संपले का?"

"उंदरांना आपल्या बंदराचा आजार होत नाही, दादा," ती म्हणाली आणि सरळ आत येऊन माझ्याच खुर्चीवर बसली.

घरात तिला आम्ही मुंगी म्हणतो. अंगापिंडानं तेवढीच, आणि स्वतःपेक्षा मोठं ओझं ओढत न्यायची खोड अगदी लहानपणापासूनची. आता ती विद्यापीठात संशोधक आहे, तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे, हाताखाली चार माणसं आहेत. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. उभी हयात शाफ्टमध्ये लोंबकळत काढली, कधी दोर तुटला नाही की हात सापडला नाही. आणि मग एक दिवस पाय सुजले, चेहरा सुजला आणि माझ्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून एक दिवसाआड डायलिसिस. चार तास मशीनला बांधलेलं बसायचं आणि घरी येऊन बायकोवर खेकसायचं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तहान लागली की मी बर्फाचा खडा तोंडात धरतो आणि कुणी बोलायला आलं तर त्याच्यावर डोळे वटारतो.

आमच्या बंदरात शुद्ध असा कुणी नाही, हे आधी सांगायला हवं. आठ-दहा पिढ्यांमागं डोंगरातून माणसं कामाला खाली उतरली, त्याच सुमारास समुद्रापलीकडून जहाजं भरभरून माणसं आली, आणि दोघांनी एकमेकांत संसार मांडले. त्यांच्या पोरांनी तेच केलं, नातवंडांनी तेच. आज एकाच घरात एका भावाचं नाक डोंगरातलं आणि दुसऱ्याचे डोळे जहाजावरचे. राजधानीतले लोक आम्हाला भेसळ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण आमच्या कानांना काही झालेलं नाही.

या भेसळीच्या किडन्या इतरांपेक्षा लवकर जातात. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. राजधानीत एक मोठा अभ्यास झाला, हजारो लोकांचं रक्त तपासलं. मुंगीनं त्याचा अहवाल वाचला तर त्यात आमचं नावच नाही. मिश्र वंशाच्या लोकांमुळे हिशेब बिघडतो, म्हणून त्यांना सुरुवातीलाच वगळलं होतं. धान्यातले खडे निवडतात तसं. त्या दिवशी मुंगी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं आमचंच रक्त गोळा करायला घेतलं.

मला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. माझी पोरगी पोहायला शिकवते, खांद्यानं माझ्यापेक्षा रुंद आणि हट्टी कुणावर गेली ते सांगायला नको. तिनं ठरवून टाकलं होतं की ती मला एक किडनी देणार. बायकोची जुळत नव्हती, पोरीची जुळत होती. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, तुम्हाला विचारलंय कुणी?

तिला अडवलं ते किडनीच्या डॉक्टरांनी. हा माणूस बोलतो कमी, पण जे बोलतो ते ऐकावं लागतं.

"बंदरातल्या रक्ताच्या नातलगांची किडनी मी घेत नाही," ते म्हणाले. "भावाला किडनी दिलेले दोघं माझ्याकडे आहेत. ते आज स्वतः मशीनवर आहेत. यांच्या किडन्या कशानं गेल्या तेच मला माहीत नाही. ती गोष्ट मुलीत आहे की नाही, ते मी कसं सांगणार?"

"आणि नसली तर?" पोरगी म्हणाली. "बाबांनी उगाचच मशीनवर मरायचं?"

डॉक्टरांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. मुंगी तेव्हा आमच्याबरोबर होती. घरी येताना बसमध्ये तिनं पोरीचा हात एकदाही सोडला नाही. रक्त मागायला ती आली ती त्यानंतर आठवड्याभरात.

मी दिलं. पण आधी सगळं समजावून सांग म्हणालो, आणि समजलं नाही तर सुई लावू देणार नाही म्हणालो. तिनं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर आडव्या पट्ट्या होत्या, प्रत्येक पट्टीत हिरवे आणि निळे तुकडे.

"एका माणसाच्या आत हे असं असतं," ती म्हणाली. "हिरवं ते डोंगरातल्या पूर्वजांकडून आलेलं, निळं ते जहाजावरच्यांकडून. सरमिसळ होऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत, म्हणून तुकडे अजून चांगले लांब आहेत. कुठला कुणाचा ते ओळखता येतं."

"बरं, मग?"

"मग असं समज, की गावातल्या सगळ्या लिफ्ट दोन कंपन्यांचे भाग मिसळून जोडल्यात. दार एकीचं, मोटार दुसरीची. प्रत्येक लिफ्टमध्ये जुळणी वेगळी. त्यातल्या बंद पडलेल्या लिफ्ट तू गोळा केल्यास. दारं पाहिलीस, निम्मी एकीची, निम्मी दुसरीची. मोटारी पाहिल्यास, तेच. पण ब्रेकपाशी आलास, तर जवळजवळ प्रत्येक बंद लिफ्टमध्ये ब्रेक एकाच कंपनीचा. दोष कुठे शोधशील?"

"ब्रेकमध्ये. हे काय विचारणं झालं?"

"चालू लिफ्ट पाहाव्या लागल्या का त्यासाठी?"

मी विचार केला. नव्हत्या लागल्या. त्याच लिफ्टच्या दारांनी आणि मोटारींनी ब्रेकची चहाडी केली होती.

"आणि सगळ्या लिफ्ट एकाच कंपनीच्या असत्या तर?" तिनं विचारलं.

"तर काय कळणार, कपाळ?"

"तेच तर," मुंगी म्हणाली. "राजधानीवाल्यांनी ज्यांना खडे म्हणून फेकलं, त्यांच्यातच हा नकाशा काढता येतो. आपण भेसळ आहोत म्हणूनच."

मी बाही वर केली. खरं सांगतो, बहिणीचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. अर्थात तिला तसं काही म्हणालो नाही. हळू टोच एवढंच म्हणालो.

लहानपणी आमच्यात एक कायमचं भांडण होतं. सफरचंद असो की कलिंगडाची फोड, दोघांत एक असली की युद्ध. त्यावर आईनं एक नियम केला होता. एकानं कापायचं आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. सुरी मोठ्याच्या हातात, म्हणून कापायचो नेहमी मी. जीव मुठीत धरून, डोळ्यांनी माप घेत अगदी मधोमध कापायचो, आणि मुंगी दोन्ही तुकड्यांकडे इतका वेळ टक लावून बघायची की मला कापरं भरायचं. मग ती जो उचलायची तो नेमका मोठा असायचा. तीच नजर घेऊन ती आता माणसांच्या आतल्या तुकड्यांकडे बघत बसली होती.

वर्ष गेलं. डायलिसिसच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तर असतात. त्यांना मी पटवलं, त्यांनी आणखी कुणाकुणाला. मुंगीच्या नळ्या भरत गेल्या. पोरगी दर आठवड्याला तिला फोन करून विचारायची, आणि मुंगी दर आठवड्याला सांगायची, "अजून नाही, बाळा."

मग एका रविवारी ती जेवायला आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. पट्ट्या मांडून झाल्या होत्या. हिरवं-निळं सगळीकडे सारखंच पसरलं होतं. कुठेही ढीग नाही, कुठेही उंचवटा नाही. नकाशा सपाट.

"म्हणजे आमचं रक्त फुकट गेलं का?" मी विचारलं.

"तुझं नाही, दादा. तुझं मी घेतलंच नव्हतं मोजणीत."

माझा घास हातातच राहिला. "काय?"

"तू सख्खा भाऊ. तुझं नाव माहीत असून तुझा कागद मोजणं मला बरं वाटेना. आणि शिवाय तुझ्या केसपेपरवर कारण लिहिलंय, बीपी. ज्यांची किडनी बीपीनं गेली त्यांचं कारण ठाऊकच आहे ना. म्हणून ते सगळेच मी बाजूला ठेवले. मास्तर पण."

आता मात्र माझं डोकं सटकलं. एवढ्या लोकांच्या हातापाया पडून रक्त मिळवलं आणि या बाईनं ते कपाटात ठेवून दिलं. मी म्हणालो, "वा. राजधानीवाल्यांनी आम्हाला भेसळ म्हणून काढलं आणि तू बीपीवाले म्हणून काढलंस. आम्हाला काढायला सगळ्यांनाच काही ना काही सापडतं."

बायको म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला."

पण मुंगी जेवतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, त्या सफरचंदाच्या नजरेनं. मला वाटलं ती रडणार. तिनं हळूच विचारलं, "दादा, बीपी तुला आधी लागलं की पाय आधी सुजले?"

"ते मला काय विचारतेस? तुझ्या वहिनीला विचार. माझे पाय तिनंच आधी पाहिले."

"पाय आधी," बायको म्हणाली. "चपलांचे पट्टे रुतायला लागले होते. बीपी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी निघालं. त्याच्या आधी कंपनीच्या तपासणीत दरवर्षी ठीक असायचं."

मुंगीनं ताट बाजूला सारलं. "बीपीनं किडनी गेली नाही," ती म्हणाली, आमच्याशी नाही, स्वतःशीच. "किडनी जायला लागली म्हणून बीपी चढलं. डॉक्टर माणसाला पहिल्यांदा बघतात तेव्हा दोन्ही एकदमच दिसतं, आणि कागदावर कारण म्हणून बीपी लिहिलं जातं. आणि मी तो कागद खरा मानला. जो आजार शोधायला निघाले, त्याचेच रोगी मी वेचून बाहेर काढले."

ती उठली, हात धुतले आणि माझ्या पोरीला म्हणाली, "तुझी सायकल दे." प्रयोगशाळेत ती सायकलवरून गेली, रविवारी, भर दुपारी. माझी बहीण चुकली होती आणि तिनं ती चूक चार माणसांसमोर, जेवणाच्या टेबलावर, एका दमात कबूल केली होती. मला आयुष्यात किती मोठमोठे इंजिनियर भेटले, लिफ्ट अडकली की चूक दोराची असायची, तेलाची असायची, माझी असायची. स्वतःची आहे म्हणून सायकल मागणारा एक नाही पाहिला.

माझा कागद तिनं तरीही घेतला नाही. मास्तर आणि बाकीचे बीपीवाले मात्र परत आले, नावं झाकून, नुसत्या आकड्यांनी. आणि नकाशा उठला. इतर सगळीकडे हिरवं नेहमीच्या प्रमाणात आणि एका ठिकाणी, एकाच, ते टेकडीसारखं वर आलेलं. तो कागद तिनं मला आणून दाखवला तेव्हा मी मशीनवर होतो. मी एका हातानं तो धरला आणि शेजारी मास्तरांना दाखवला.

मास्तर जहाजवाल्यांच्या अभिमानी घरातले. त्यांनी चष्मा सावरला. "म्हणजे दोष शेवटी डोंगरवाल्यांचाच निघाला म्हणायचा."

"ही नुसती जागा आहे, मास्तर, दोष नाही," मुंगी म्हणाली. "त्या जागेत अजून खूप काही आहे. नेमका बदल सापडायचाय. आणि तुम्ही या खुर्चीवर बसलाय म्हणजे थोडा डोंगर तुमच्यातही असणार."

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मला फार बरं वाटलं.

नेमका बदल सापडायला आणखी पुष्कळ दिवस गेले, दुसऱ्या देशांतल्या दोन प्रयोगशाळाही कामाला लागल्या. सापडला तेव्हा मुंगीनं पहिल्यांदा डायलिसिसच्या खोलीत येऊन सगळ्यांना सांगितलं, पेपरात येण्याआधी. डोंगरात पूर्वी एक जीवघेणा ताप होता. हा बदल ज्यांच्यात होता त्यांना तो ताप मारू शकत नसे. म्हणून ते वाचले, त्यांची मुलं वाचली, आणि म्हणून आज आपण आहोत. आई किंवा बाप, कुणा एकाकडून तो आला तर त्रास नाही. दोघांकडूनही आला तर म्हातारपणाआधीच किडनीवर जाऊ शकतं, सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं. "ज्यानं आपल्याला जगवलं त्याचीच ही दुसरी बाजू आहे," ती म्हणाली. मास्तरांनी टाळी वाजवायला हात उचलला आणि सुई आठवून खाली ठेवला.

मला टाळीबिळी काही सुचत नव्हती. मला एवढंच कळलं होतं, की आता पोरीची तपासणी होऊ शकते.

मी मुंगीला म्हणालो, "तुझ्याकडे तिचं रक्त आहेच. तूच बघून सांग ना." पोरीनं मागे कधीतरी हौसेनं दिलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "संशोधनाच्या नळीवर मी कुणाचं भविष्य सांगणार नाही. इस्पितळातून रीतसर तपासणी होईल आणि डॉक्टर सांगतील. नावं झाकल्यापासून मी कुठली नळी कुणाची ते पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही."

मी तिला नाही नाही ते बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तपासणीला मी पण येते तिच्याबरोबर. सुईला घाबरते ती." पोरगी सुईला अजिबात घाबरत नाही, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही चौघं. खुर्च्या तीनच, म्हणून पोरगी भिंतीला टेकून उभी. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्या बोलण्याआधीच कळलं.

"दोन्हीकडून आलाय," ते म्हणाले. "तुझी किडनी मी काढू शकत नाही."

बायकोनं माझा हात धरला. हे पोरीला तिच्याकडूनही आलं, हे तिला त्याच क्षणी कळलं असणार. इतके दिवस ती किडनी नको म्हणून मी आकांडतांडव करत होतो, आणि आता ती मिळणार नव्हती. हायसं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. लिफ्टवाला, सहा फुटी, मशीनवर बसून नर्सला शिव्या देणारा माणूस, डॉक्टरांच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. माझं काय व्हायचं ते होवो, पण ते तिच्यात आहे हे मला सहन होईना.

पोरगी भिंतीपासून हलली नाही. "मग माझं काय होणार?" तिनं विचारलं. डॉक्टरांना नाही, आत्याला.

मुंगी उठून तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या खांद्यापर्यंत पोचत होती. "तुझं हे होणार, की तुला आज कळलं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना पाय सुजल्यावर कळलं, तोवर सगळं संपलं होतं. तू बीपी सांभाळायचंस, लघवी तपासून घ्यायचीस, आणि तुझ्या दोन्ही किडन्या तुझ्याकडेच ठेवायच्यास. कदाचित तुला काहीही होणार नाही. तू त्यातली एक दिली असतीस, तर उरलेली एकटी पडली असती. आणि बाबांना दिलेली तरी टिकली असती की नाही कोण जाणे."

पोरीनं आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यासाठी तिला बरंच वाकावं लागलं.

"पण बाबा?" ती तिथूनच म्हणाली.

डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे ओढला. "त्या दिवशी तपासणी दोघींची झाली होती," ते म्हणाले.

मी डोकं वर केलं. मुंगीनं खिडकीकडे पाहिलं.

तिच्यात तो बदल एकच होता, आणि एकानं काही होत नाही. किडनी जुळत होती, वय बसत होतं. आमच्या आई-बाबांपैकी एकानं मला जे दिलं ते तिला दिलं नव्हतं. दोघांपैकी कुणी, ते आता सांगता येत नाही, दोघंही गेले. एवढंच ठाऊक आहे की वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला जे आलं त्यातून ती सुटली. आधी अशी कितीतरी घरं असतील, जिथं देणारा शेजारीच बसला होता आणि कुणाला सांगता येत नव्हतं. नकाशा नव्हता.

मी नाही म्हणून पाहिलं. म्हटलं, तुझी प्रयोगशाळा आहे, तुझी माणसं आहेत, तू एवढीशी. ती म्हणाली, "तुला विचारलंय कुणी?" तेव्हा कळलं की पोरगी नक्की कुणावर गेली आहे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्हाला शेजारी शेजारी दोन खाटांवर ठेवलं होतं. हिरवे गाऊन, डोक्याला टोप्या. मुंगी त्या गाऊनमध्ये जवळजवळ दिसतच नव्हती. पोरगी दोन्ही खाटांच्या मध्ये उभी, एक हात माझ्या हातात, एक तिच्या. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. तू काय केलंस ते माझ्यासारख्याला कळायला जन्म जाईल, असं काहीतरी. सगळ्यांनी ज्याला कचरा म्हटलं त्यात तू रस्ता शोधलास. पण मी नुसती डोक्यावरची टोपी सारखी केली.

तिनंच मान वळवली. "दादा."

"काय गं?"

"कापणार आज दुसराच कुणीतरी आहे. पण वाटणी माझी आहे, म्हणजे आधी उचलायचं तू." तिनं गाऊनवरून आपल्या दोन्ही कुशींवर हात ठेवले. "सांग, डावी की उजवी?"

डॉक्टरांचं डावीचं ठरलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी मान उचलून पाहिलं, आधी एका कुशीकडे, मग दुसरीकडे, अगदी सावकाश, तिनं आयुष्यभर माझ्या तुकड्यांकडे पाहिलं तसं. तिला कापरं भरेपर्यंत नाही, पण हसू येईपर्यंत पाहिलं.

"मोठी कुठली?" मी विचारलं.

"दोन्ही सारख्या," ती म्हणाली. "नीट मधोमध कापलंय."